जुफैरच्या हॉट डॉगवरची मोहरी

मित्रांनो, मी एक जुना हॉट डॉगचा गाडा आहे. आज माझी दोन चाकं गंजली आहेत आणि पोटात कांद्याची पोती आहेत. तरी हसू नका. एके काळी इथेच बहारीनमध्ये, जुफैरच्या कोपऱ्यावर, माझ्यापुढे माणसं रांगेत उभी राहत.

जवळच्या मुहर्रक गावच्या मुनाफ पत्रेवाल्याने मला १९७५ साली घडवलं. खाली शेगडी, वर वाफेचं भांडं, बाजूला झाकणाचे चार डबे. मुनाफ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "तीस साल कुछ नहीं होगा." पत्र्याला एवढं कौतुक पुरतं. माझा मालक लतीफ इथलाच, कोल्ड स्टोअर म्हणजे किराणा दुकान चालवायचा. पण माझा खरा धनी दत्ताराम, गुहागरकडचा. लतीफने त्याला सामान उचलायला आणलं आणि हाताला चव आहे म्हणून दुकानापुढे माझ्यामागे उभं केलं.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे बंदरावरचे अमेरिकन खलाशी. त्यांची मी चांगली पारख केली आहे. सॉसेज सगळ्यांना सारखंच लागे. भांडण असे ते वरच्या पसाऱ्यावर. शिकागोवाल्याला टोमॅटोच्या फोडी, लोणच्यातली काकडी आणि हिरवी मिरची हवी. चुकून केचप पडला तर तो असा बघे की जणू त्याच्या आईचा अपमान झाला. न्यूयॉर्कवाल्याला कांद्याचा लाल रस्सा आणि आंबवलेला कोबी. डेट्रॉईटवाल्याला खिम्याचा पातळ सॉस आणि वर कच्चा कांदा. प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगे की खरा हॉट डॉग फक्त आमच्याकडे. दत्ताराम मान डोलवायचा आणि हळूच मला म्हणायचा, "आमच्याकडेही मोदकावरून अशीच भांडणं होतात रे."

खिम्याचा सॉस ही आमची शान. तो दत्ताराम करी, आणि चाखायला दोन जिभा होत्या. दुसरी जीभ सिराजची. सिराज रत्नागिरीकडचा, बेकरीतून रोज दुपारी पाव आणून द्यायचा. दत्ताराम श्रावणात मटणाला तोंड लावत नसे. तेव्हा सिराज चाखी. सिराजचा रमजानचा रोजा असे. तेव्हा दत्ताराम चाखी. शहात्तर साली श्रावण संपला आणि दुसऱ्या दिवशी रमजान लागला. दोघांना वाटलं, ही सोय देवानेच लावून दिली आहे.

पण मित्रांनो, देवाच्या पंचांगात अधिक महिना असतो. सत्त्याहत्तर साली तो आला आणि त्याने श्रावणाला ढकलून थेट रमजानवर नेऊन बसवलं. दोन महिने एकाच चंद्राबरोबर लागले. माझ्याजवळ चाखणारी जीभच उरली नाही.

नेमकं त्याच महिन्यात एका जहाजावरच्या साठ खलाशांनी संध्याकाळी येतो म्हणून सांगून ठेवलं. दिवसभर गाडा बंदच असे. संध्याकाळी रोजा सोडायची तोफ झाली की झाकणं उघडायची. लतीफ सकाळी येऊन दत्तारामला म्हणाला, "दत्ता, आज अच्छा, तो गाडी रहेगा. आज खराब, तो खलास. गाडी पीछे, तुम इंडिया. व्हिसा मैं नया नहीं करेगा."

 गावी दत्तारामच्या बायकोने, मथुराने, त्याच वर्षी एकत्र घरातून वेगळी चूल मांडली होती, ती याच नोकरीच्या भरवशावर. त्याने माझे चारही डबे दोनदा पुसले.

आता त्या दुपारचा हिशेब ऐका, कारण तो फक्त मीच ठेवला. दत्तारामने सॉस चढवला आणि मीठ घातलं. तो कांदे आणायला गेला. सिराज पाव घेऊन आला, सॉसचा वास घेतला आणि मनाशी म्हणाला, दत्ताराम चाखत नाही, विसरला असणार; त्याने मूठभर मीठ टाकलं. मग लतीफ आला. त्याने इकडेतिकडे बघून वर आणखी दोन चिमटी सोडल्या. मीठ तीनदा, चाखणं शून्य. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तोफ झाली. सिराजने खजूर खाल्ला, पाणी प्यायलं आणि पळीवरचा थेंब जिभेवर घेतला. त्याचा चेहरा लिंबासारखा झाला.

"दत्ताराम, अरे हा सॉस आहे की हर्णैचा समुद्र?"

"काय सांगतोस! मी चमचाभरच घातलं होतं."

"आणि मी मूठभर."

"तू कशाला घातलंस, मेल्या? तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या भल्यासाठी! तू चाखत नाहीस ना!"

लतीफ आमच्याकडे पाठ करून उभा होता. फार बारकाईने रस्ता बघत होता. तिकडून खलाशांची गाणी ऐकू यायला लागली होती.

"पाणी ओत," सिराज म्हणाला.

"पाणी ओतलं की पाणचट होईल," दत्ताराम म्हणाला.  "माझी आये सांगायची, कालवण खारट झालं की कालवणाला हात लावू नये. बाजूचं अळणी करावं. लतीफभाय, कोबी है?"

सहा गड्डे आले. सिराजने सुरी धरली आणि दत्तारामने कढई. कोबी बारीक चिरला, त्यावर लिंबू आणि साखर. मिठाचा कण नाही. पण नुसता कोबी वाढायला कोकणी हात धजेना. दत्तारामने तेल तापवून मोहरी टाकली, हिंग टाकला आणि ती फोडणी चर्र करून कोबीवर ओतली.

पहिला खलाशी उंच, लाल कानांचा. त्याला पावात सॉसेज, वर खारट खिमा आणि त्याच्यावर अळणी कोबी असं मिळालं. त्याने एक घास घेतला आणि थांबला. दत्तारामने माझी कड घट्ट धरली. 

"तुला हे कोणी शिकवलं?" खलाशाने इंग्रजीत विचारलं. "आमच्या कॅरोलायनात असंच देतात. खाली खिमा, वर कोबी! दोन वर्षांनी खातोय मी हे." मग त्याने दातातून काहीतरी काढून बोटावर धरलं. "पण हे काळं काळं काय आहे?"

"ते?" सिराज पटकन म्हणाला. "दॅट इज रत्नागिरी, साहेब!"

"गुहागर," दत्ताराम पुटपुटला.

साठही पाव संपले. लतीफने आत जाऊन मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि येऊन म्हणाला, "यल्ला, चलो दत्ता, पासपोर्ट दे. कल व्हिसा का काम करेगा." आपल्या दोन चिमटींबद्दल तो कधीही बोलला नाही. मीही आज पहिल्यांदाच बोलतो आहे.

पुढची दोन वर्षंही ते महिने एकत्रच आले. तेव्हा चाखायला पुण्याचे विवेक साहेब मिळाले. बँकेत होते आणि त्यांची जीभ बारा महिने मोकळी. फक्त "हे आईला कळवू नका," एवढंच ते म्हणत.

शहाऐंशी साली दत्ताराम कायमचा गावी गेला. जाताना त्याने माझे डबे घासले आणि चिमटा फडक्यात गुंडाळून आत ठेवला. पुढे समोर काचेच्या दाराचं बर्गरचं दुकान आलं. लतीफने मला कोल्ड स्टोअरच्या मागे लावलं. सिराज अधूनमधून येई, झाकण उघडून वास घेई आणि परत लावी. मग तोही येईनासा झाला.

मित्रांनो, तुमच्या घरामागेही माझ्यासारखं कुणीतरी पडलेलं असेल. त्याला भंगारात टाकण्याआधी एकदा पुसून बघा. आणि ज्याला आज चाखता येत नाही, त्याच्यासाठी तुम्ही चाखा; न विचारता मीठ मात्र टाकू नका.

मलाही कुणी पुसलं तर माझ्या चौथ्या डब्याच्या सांध्यात मोहरीचा एक दाणा अडकलेला सापडेल. बाकी सगळं घासा. तेवढा राहू द्या.