नामेलेचं पान

पान तिनंच लावलं होतं, खरी चिडचिड त्याचीच होती. दुसऱ्या कुणी लावलं असतं तर त्याच्या दारात जाऊन भांडता तरी आलं असतं.

लेपाकोआनं पोरीला, मेरियामला, या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि दलदलीच्या तोंडाशी काठीला बांधलेल्या पानाकडे पाहिलं. नामेलेचं लांब, हिरवं, पिसासारखं पान, आत जायच्या बंदीची खूण. मेलं सुकतही नव्हतं. पानापलीकडे अळवाचे वाफे, आणि वाफ्यांच्या मधोमध तिनं रोवलेल्या बांबूच्या खुणा. तिथं गिरमिट लावायचं, नळी खोल खोल दाबत न्यायची आणि जुन्यात जुना चिखल थराथरानं वर काढायचा, एवढंच तर काम. त्या चिखलात फुलांचे पराग असतात, जळल्या रानाची राख असते, अळकुडीचे कण असतात. आपली माणसं या बेटावर कधी उतरली, इथं आधी कुठलं रान होतं, सगळं त्यात लिहिल्यासारखं असतं.

आजी सांगायची, पहिली अळकुडी एका बाईनं होडीतून आणली, ओल्या पानात गुंडाळून, मांडीवर घेऊन, तान्ह्या पोरासारखी. शहरातल्या संशोधन केंद्रातली माणसं म्हणायची, छे, हे वाफे मिशनरी आल्यानंतरचे. लेपाकोआ त्याच केंद्रात कामाला. ती ऐकून घ्यायची आणि मनात म्हणायची, थांबा, चिखल येऊ दे वर.

पण गिरमिट सगळ्या बेटांत मिळून एक. मागच्या खेपेला ते इथं आलं तेव्हा मेरियाम पोटात होती आणि नर्सबाईंनी तिला बोटीत पाय ठेवू दिला नव्हता. आता आलं होतं, आणि आजच्याच बोटीनं उत्तरेकडे जायचं होतं. पुन्हा कधी, ते कुणी सांगत नव्हतं.

खुणांभोवती तिनं आधी लाल-पांढरी फीत बांधली होती. पोरींनी ती कापून वेण्यांना बांधली. मग दोरी बांधली, तर तिच्यावर कुणाचे तरी परकर वाळत पडले. डुकरं दोनदा बांबू उपटून गेली. शेवटी ती संतापली आणि नामेलेचं पान लावून मोकळी झाली. खेकड्यांच्या किनाऱ्याला, नारळाच्या राईला असं पान लागलं की सगळं गाव वळसा घालून जातं, हे ती रांगायच्या वयापासून बघत आली होती. गावचे चीफ डोळा दाखवायला शहरात गेलेले. तिला वाटलं, आपलं काम, आपलं पान. गिरमिट आलं की काढू.

"मामा, माझं पान मी काढते. मग तर झालं?"

कालोतिती मामा खडकावर बसून ऊस सोलत होता. गिरमिट फिरवायला चार गडी लागतात. ते चौघे, मामा धरून, सकाळपासून तिथंच बसले होते.

"काढ की. पण मी आत येणार नाही. आणि ही पोरंही नाहीत."

"का पण?"

"पान चीफनी लावायचं, चीफनी काढायचं. तू कोण?"

"त्यांची पुतणी!"

"पुतण्या गावभर आहेत, बाई. उद्या प्रत्येक पुतणी पानं लावत सुटली तर आम्ही हगायला कुठं जायचं?"

गडी खो खो हसले. लेपाकोआच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग लावताना का नाही बोललात?"

"आम्हाला वाटलं, चीफनीच सांगितलं असेल. शिवाय तू अशी काही चिडली होतीस, की बोलायची कुणाची छाती!"

खाडीच्या तोंडाशी बोटीचा भोंगा वाजला. लेपाकोआनं मेरियामला चटईवर बसवलं, ओचा खोचला आणि गिरमिटाचा दांडा उचलला.

"जाते मी एकटीच. जेवढं जाईल तेवढं जाईल."

कुणी अडवलं नाही. सगळ्यांनी नुसत्या माना वळवल्या, ओढ्यावर कुणी उघडं आंघोळ करताना वळवाव्यात तशा. ती दोन पावलं गेली. तेवढ्यात बाजूनं काहीतरी सरपटलं. मेरियाम! हिरव्या पिसाच्या ओढीनं पोर गुडघ्यांवर भराभरा निघाली होती, हात पानाला लागायचाच बाकी.

लेपाकोआनं दांडा टाकला आणि अशी झेप घेतली की दोघी चिखलात लोळल्या. पोर भोकाड पसरून रडायला लागली. पान जागच्या जागी होतं.

"लागलं तर नाही ना?" मामानं विचारलं. लेपाकोआनं मान हलवली. दांडा तिनं पुन्हा उचलला नाही.

त्याच बोटीतून चीफ उतरले. एका डोळ्यावर पट्टी, हातात नवी छत्री. ती धावत गेली आणि धापा टाकत सगळं सांगून मोकळी झाली. चीफनी एका डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं.

"लावलंस तू, आणि निस्तरायचं मी? बरं. पान काढायचं तर डुक्कर लागतं. कुठाय?"

डुक्कर एकच होतं, मेरियामच्या पहिल्या वाढदिवसाच्या जेवणासाठी पाळलेलं. तिनं ते आणलं. तिला वाटलं, आता झटपट होईल. पण चीफनी पूर्वजांपासून सुरुवात केली. एकेकाचं नाव घ्यायचं, थांबायचं, पुढचं आठवायचं.

"काका, थोडं लवकर..."

"तुला जुन्या लोकांचाच शोध घ्यायचाय ना? मग ऐक."

धक्क्यावर खोबऱ्याची पोती चढली. मग खलाशी आले आणि गिरमिटाच्या पेट्या उचलून घेऊन गेले. डुक्कर मारून चीफनी पान काढलं तेव्हा बोट वळत होती.

लेपाकोआनं एक पोकळ बांबू घेतला आणि वाफ्यात शिरली. मामा मागोमाग आला. दोघांनी अंगाचा भार टाकून बांबू दाबला, उपसला. आत हातभर चिखल. फार तर आजीच्या आजीपर्यंतचा. होडीतली ती बाई अजून कितीतरी खाली.

मेरियामनं बांबूत मूठ घातली.

"अगं, तेवढाच आहे!" लेपाकोआ ओरडली, आणि मग तिनंच ती चिखलाची मूठ हातात घेऊन धरून ठेवली.

"काका," ती म्हणाली, "आता तुम्ही लावा पान. माझ्या खुणांना. गिरमिट परत येईपर्यंत."

"लावीन. त्यालाही डुक्कर लागतं."

"पोरीचं होतं ते तर आत्ताच मारलंत!"

"मग दुसरं वाढव. गिरमिट यायच्या आत मोठं होईल."

लेपाकोआनं बांबूचं तोंड अळवाच्या पानानं बांधलं. मग मामाकडे न बघताच विचारलं,

"तुमच्या डुकरिणीची पिल्लं दूध सोडायला आली का हो?"