आवाज बंद करून ऐकणारे

माझी धून कुठेही कुणी चालू केली, की माझे हात ती वाजवायला लागतात. गिटार जवळ असावी लागत नाही. डाव्या हाताची बोटं हवेतच तारा दाबतात, उजव्याची छेडतात, आणि धून संपली की दोन्ही हात मला परत मिळतात.

धून प्रसिद्ध केली त्याच संध्याकाळी हे सुरू झालं. मीच बांधलेली, कपाटाला गादी लावून घरात मीच रेकॉर्ड केलेली, मीच नेटवर टाकलेली. शब्द नाहीत, नुसती गिटार. मेहुण्याने शेवटपर्यंत ऐकून विचारलं होतं की गाणारा कधी येणार. त्यामुळे हात पहिल्यांदा हलले तेव्हा मला बरंच वाटलं.

आवाज क्वचितच यायचा. बहुतेक वेळा बोटं मुकाट्याने फिरायची. रोज दुपारी एकदाच मात्र रिकाम्या हातांतून खरीखुरी धून वाजायची. तेव्हा माझ्या सोलापूरच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक गप्प बसायचं. कुणीतरी रोज जेवण झाल्यावर ऐकत असावं. त्या एका माणसासाठी मी दिवसभर तग धरायचो.

मुके ऐकणारे कोण, ते मला ठाऊक होतं. आम्हा स्वतःच धून काढणाऱ्या गिटारवाल्यांचा एक ग्रुप आहे. कुणाची नवी धून आली की बाकीच्यांनी ती मोबाइलवर आवाज बंद करून पुन्हा पुन्हा चालू ठेवायची, अशी आमची पद्धत. आकडा वाढतो, ऐकावं कुणालाच लागत नाही. मीही इतरांच्या धुना अशाच लावून झोपलो आहे.

एका वेळी एकच धून वाजवता येते, म्हणून ऐकणारे रांगेत उभे राहू लागले. एक संपली की लगेच पुढची. दुकानात एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवताना हात सुटले आणि काच फुटली. मग मी दुकान बंदच ठेवलं. बायको, वैजयंती, मला आंघोळ घालायची, कालवून भरवायची. झोपेतही खांदे दुखायचे. आणि दुपारची ती धून वाजेनाशी झाली. तो माणूस रांगेत कुठेतरी मागे राहिला होता.

कोल्हापूरचा अभिराम गुळवणी आमच्या ग्रुपचा म्होरक्या. वैजयंतीने फोन माझ्या कानाला धरला आणि मी त्याला म्हणालो, बाबा रे, बंद करा आता. भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत झाली होती.

"अरे, तुझ्यासाठी चार फोन जास्तीचे लावून घेतलेत मी," तो म्हणाला. "हात दुखायचेच. माझे दोन वर्षं थांबलेले नाहीत."

त्याने आवाजात तक्रार येऊ दिली नाही. उलट माझी पुढची धून कधी येतेय, असं विचारलं.

धून नेटवरून काढून टाकायची, एवढंच उरलं होतं. मी नको म्हणत होतो. दुपारचा तो माणूस किती दिवस ताटकळत उभा असेल, याचंच मला वाईट वाटत होतं. वैजयंती म्हणाली की त्याला दुसरं काहीतरी सापडेल, तिला मात्र दुसरा नवरा सापडायचा नाही. मी हो म्हणालो आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

दुपारचं जेवण चाललं होतं. माझे हात ताटावर मुकाट्याने वाजवत होते. तिने मला शेवटचा घास दिला, मोबाइल उघडला, आणि खात्री आहे का असं विचारणाऱ्या बटणाकडे अंगठा नेला. अंगठा तिथे पोचला नाही. मोबाइल आमटीत पडला.

तिने आयुष्यात गिटारला हात लावलेला नाही. तिची डावी बोटं माझ्या खांद्यावर आली आणि एकेक तार दाबू लागली. उजवी खरकटी बोटं माझ्या छातीवर छेडू लागली. धून वाजत होती, मोठ्याने, स्वच्छ.

मी तिला हाक मारली. तिने डोळे मिटून घेतले होते.

"हलू नका," ती म्हणाली. "कुणीतरी ऐकतंय."