चांगली बाजू खाली

मास्तरीणबाईंच्या हाताखालून गेला नाही असा ड्रायव्हर त्या भागात कुणी शोधून दाखवावा. बेकरीवाला, दवाखान्यातली नर्स, पाण्याच्या टँकरवाले दोघे भाऊ, सगळे त्यांच्याकडेच शिकलेले, आणि तेही एकाच गाडीवर. जपानी गाडी. चौकोनी अंगाची, गोल दिव्यांची, आरसे दारावर नाहीत तर पार पुढे बॉनेटच्या टोकाशी. बाईंनी ती लग्नाआधी स्वतःच्या कमाईतून जुनीच घेतली आणि सासरी येताना स्वतः चालवत आणली. सासूबाईंनी तेव्हा डोक्याला जो हात लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

बाईंचा एकच विद्यार्थी कच्चा राहिला, आणि तो घरातलाच. त्यांचे धाकटे दीर. भाऊजींना पुढे जाता यायचं, मागे येता यायचं नाही. रिव्हर्स टाकला की स्टिअरिंग कुठे वळवायचं तेच त्यांना कळायचं नाही. आजही त्यांच्या फरशीच्या दुकानाचा टेम्पो गल्लीत तोंड घालून उभा राहतो आणि बाहेर काढायला कुणाला तरी हाक मारावी लागते. आणि गंमत बघा, वहिनींनी आता गाडीचा नाद सोडावा असं सगळ्यांत आधी वाटलं ते ह्याच गृहस्थांना.

त्याला कारण होतं. बाईंचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. मग गाडीच्या इंजिनाने मान टाकली, मागचा ॲक्सल मोडला आणि क्लास बंद पडला. गाडी घरामागच्या शेडमध्ये धूळ खात उभी होती, आणि भाऊजींना ती शेड हवी होती, फरशा ठेवायला. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, पुरे झालं आता. वय झालं तुमचं. गाडी भंगारात देऊन टाकू आणि तुम्ही माझ्या दुकानात गल्ल्यावर बसा. पंख्याखाली, आरामात."

आरामात म्हणे! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या वस्तीला ज्या बाईने रस्त्यावर आणलं, तिने आता दिराच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सुटे द्यायचे?

"गाडी चालू होईल," त्या म्हणाल्या.

भाऊजी हसले. "ही? वहिनी, ही गाडी स्वतःच्या ताकदीवर फाटकाबाहेर गेली ना, न ढकलता, न ओढता, तर शेड तुमची. क्लास काढा नाहीतर विमान शिकवा, मी तोंड उघडणार नाही. पण माझा फरशांचा नवा माल यायच्या आत. नाही गेली तर गाडी भंगारात आणि तुम्ही दुकानात."

"ठरलं," असं बाईंच्या आधी दुसरंच कुणीतरी म्हणालं. त्या वन्सं होत्या.

वन्सं म्हणजे बाईंची नणंद आणि भाऊजींची थोरली बहीण. नणंद-भावजय म्हटल्यावर लोक भांडणाची वाट बघत बसतात. या दोघींनी लोकांची पार निराशा केली होती. वन्संचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे. त्यांच्या कामाचा एक नियम होता आणि तो त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या: चांगली बाजू खाली. जाळी पालथी घालायची आणि जोड मागून मारायचे, म्हणजे पुढून बघणाऱ्याला डाग दिसत नाही. "माझा जोड कुणाला दिसला तर धंदा सोडीन," असं त्या म्हणायच्या, आणि खरंच तो आजवर कुणाला दिसला नव्हता.

दोघींनी पदर खोचला आणि भंगारवाल्याचं आवार पालथं घातलं. याच भंगारवाल्याला भाऊजींनी गाडी न्यायला सांगून ठेवलं होतं, आणि हाच आता बाईंना भाग काढून देत होता. माणूस इमानदार, पण दोन्हीकडून इमानदार! इंजिन मिळालं त्याच कंपनीच्या एका ठोकर बसलेल्या व्हॅनचं. बसवायला पुढचा पत्रा कापावा लागला, तो वन्संनी कापला. व्हॅनचेच मागचे दिवे लावले, आणि रिव्हर्स टाकल्यावर पीं-पीं करणारा भोंगाही त्यांच्यासोबत आला. सीटला बंद पडलेल्या सिनेमागृहातल्या खुर्च्यांचं लाल मखमली कापड. शिकवणाऱ्याच्या बाजूचा जादा ब्रेक गंजून गेला होता, तर वन्संनी जुन्या शिलाई मशीनचं लोखंडी पायडल कापून तिथे जोडलं. बाई त्यावर पाय ठेवून बघत म्हणाल्या, "अहो वन्सं, यावर ब्लाउज शिवता येईल की!"

राहिला मागचा ॲक्सल. व्हॅनचाच काढून आणला. रुंदी बरोबर जमली, पण स्प्रिंगचे पाटे ज्यावर टेकतात त्या बैठका भलत्याच जागी होत्या. वन्संनी त्या कापल्या, ॲक्सल जमिनीवर मांडला आणि नव्या जागी बैठका जोडल्या. जोड असे की हात फिरवावा. बसवल्यावर ॲक्सलच्या मधल्या फुगीर गोळ्याच्या एका बारीक भोकातून तेल ठिबकायला लागलं. "हे कसलं भोक?" बाईंनी विचारलं. "असेल काहीतरी," म्हणत वन्संनी त्यात खिळी ठोकली आणि वर वेल्डिंगचा एक ठिपका मारून टाकला. मग मागची चाकं जॅकवर उचलून इंजिन चालू केलं. चाकं फिरली! दोघी लहान पोरींसारख्या टाळ्या पिटत राहिल्या. कुठल्या दिशेने फिरली हे बघायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

अंगणात एक फेरी मारून बघता आली असती. पण गाडीचा आवाज ऐकताच भाऊजींनी फरशांचे थप्पे आणून शेडच्या तोंडाशी रचले. "जुना माल आहे थोडा. नवा यायच्या आदल्या दिवशी उचलतो की," म्हणाले. याला म्हणतात घरचा माणूस.

तो दिवस आला. फरशा दोन्ही अंगांना हलवल्या आणि फाटकापर्यंतची वाट मोकळी झाली. फाटकाबाहेर बाईंचे सगळे शिष्य जमले होते. टँकरवाले तर टँकर रस्त्यातच लावून आले होते. भंगारवाला आपल्या गाडीला टेकून उभा, दोरखंड खांद्यावर. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

बाई बसल्या. शेजारी वन्सं. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडलं. बाहेर टाळ्या पडल्या. बाईंनी आरसे बघितले, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि आयुष्यभर शिकवत आल्या तसा क्लच अलगद सोडला.

गाडी सुर्रकन मागे गेली.

मागे भिंत होती. वन्संनी शिलाई मशीनचं पायडल सगळा जीव लावून दाबलं म्हणून वाचल्या. रंगाचे दोन डबे तेवढे आडवे झाले.

"चुकून रिव्हर्स पडला असेल," नर्स म्हणाली. मास्तरीणबाईंचा चुकून रिव्हर्स! बाईंचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा पहिला टाकला, चाचपून टाकला. गाडी पुन्हा मागे. दुसऱ्यातही मागेच. फाटकाशी कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग भाऊजींनी मोकळेपणाने हसायला सुरुवात केली. "वहिनी, ही तर माझ्या वरताण निघाली! हिला पुढे जाता येत नाही!"

वन्संचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वहिनी," त्या पुटपुटल्या, "मी ॲक्सल पालथा घातला. चांगली बाजू खाली ठेवली आणि वरच्या अंगाला बैठका जोडल्या. तसाच बसवला. तो उलटा बसलाय हो, म्हणून चाकं उलटी फिरतायत. ते हवा जायचं भोक वर असायला हवं होतं." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "माझ्या हातांनी घात केला तुमचा."

बाईंना राग आला. फार राग आला. वन्संचा आला, ॲक्सलचा आला, हसणाऱ्यांचा आला. डोळ्यांसमोर तो गल्ला आणि तो पंखा दिसला. भंगारवाला दोरखंड सोडत जड पावलांनी शेडकडे निघाला होता. खाली मान घालून.

"थांबा," बाई म्हणाल्या. "वन्सं, नाक पुसा आणि मला नीट सांगा. म्हणजे सगळंच उलटं झालंय?"

"सगळंच."

"मग रिव्हर्ससुद्धा उलटाच असणार की!"

वन्संचं रडणं जागच्या जागी थांबलं. बाईंनी रिव्हर्स टाकला. मागचा पांढरा दिवा लागला, भोंगा पीं-पीं-पीं करत ओरडायला लागला, आणि क्लच सुटताच जपानी गाडी नाक वर करून पुढे निघाली. शेडमधून बाहेर, फरशांच्या थप्प्यांमधून, फाटकाकडे. फाटकाशी चढ होता. गाडी गुरगुरली, दम खाल्ल्यासारखी झाली, पण चढली. भंगारवाला दोरखंडासकट उडी मारून बाजूला झाला आणि "या मास्तरीणबाई, या!" म्हणून ओरडला. पुढची चाकं बाहेर, मागची चाकं बाहेर, आणि रस्त्यावर एकच गिल्ला झाला. वन्सं आता हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

भाऊजी धावत आले. "हे धरायचं नाही! रिव्हर्समध्ये पुढे, ही काय चाल झाली?"

"ढकललं कुणी?" बाईंनी काच खाली करून विचारलं.

"नाही, पण—"

"ओढलं?"

"नाही, पण वहिनी, ही गाडी—"

"मग शेड रिकामी करा भाऊजी, आजच्या आज. ॲक्सल आम्ही सुलटा करू, हवं तर आठवडा लागू दे." भोंगा अजून ओरडतच होता आणि बाईंना तो बंद करायची अजिबात घाई नव्हती. त्या हात लांब करून मागचं दार उघडत म्हणाल्या, "पण तोवर तुम्ही बसून घ्या. नव्या क्लासचे पहिले विद्यार्थी तुम्हीच. आज या गाडीला मागे जायचे चार गिअर आहेत. एवढ्यात तरी शिकाल."