दहा पुड्या मीठ

स्वप्निलने काट्याचा हूक बॅगेच्या मुठीत अडकवला, दोन्ही हातांनी बॅग वर उचलली आणि छोट्या काचेवरचा आकडा वाचला.

“साडेपंचवीस. अडीच किलो काढा लागते.”

मग कोणाला न विचारता त्याने चेन उघडली आणि वाकळ बाहेर काढून पलंगावर टाकली.

पंचफुला दारातच उभी होती.

“तेच काहून काढली?”

“सगळ्यात जड तेच हाय, आई. तेवीसच्या वर विमानवाले घेत नाईत.”

“अन् हे बुटाचे तीन जोड? हे दुकानातलं ब्लँकेट? हे हलकं हाय?”

स्वप्निल हसला. ते हसणं पंचफुलाला झोंबलं. अकोल्याच्या शाळेत नेसलेल्या तिच्या साड्या होत्या त्या वाकळीत. निवृत्त होऊन अमरावतीला आल्यावर हिवाळाभर उन्हात बसून तिने एकेक टाका घातला होता. लेक दीक्षा परवा नागपूरहून जर्मनीला निघणार, तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागणार. तिथली थंडी हाडं फोडते म्हणतात. आणि त्या पोरीने, खिडकीशी बसून, मान वर करून एक शब्द काढला नव्हता.

“हा काटा खोटा बोलून राहिला.”

“डिजिटल हाय, आई.”

“डिजिटल हाय म्हणून हरिश्चंद्र झाला का?”

तिने चपला पायात सरकवल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाच्या दहा पुड्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, “बाई, लोणच्याचा मौसम त गेला.” दोन्ही हातांत पाच-पाच पुड्यांच्या पिशव्या घेऊन, खांदे ओढत, ती तरातरा घरी आली. एका बाजारपिशवीत सगळ्या पुड्या भरून तिने ती स्वप्निलपुढे धरली.

“दहा किलो हाय. लटकव.”

काट्याने अकरा किलोच्या वर दाखवलं. परत लटकवली. तेच.

“पुडीत मीठ जास्त असन.”

“आजवर कोण्या कंपनीनं तुले जास्त देल्लं, सांग!”

स्वप्निलने काट्याच्या खोक्यातला माहितीचा कागद काढला. काट्याचं बटण दाबून धरलं, काचेवरची अक्षरं लुकलुकली, पिशवी पुन्हा लटकवली. दोन-तीनदा चुकलं. शेवटी काचेवर दहा आले आणि टिकले. मग त्याने वाकळ बॅगेत घालून बॅग उचलली.

“साडेबावीस,” तो म्हणाला. “बसते.”

“बसते ना? मंग घरात काही जास्त झालं की माह्याच वस्तूवर हात काहून पडते रे तुमचा?”

“राहू दे, आई,” दीक्षा म्हणाली.

पंचफुला वळली.

“काटा चुकीचा हाय, मले माहीत होतं. काल कुरियरवाल्याकडं मोजली मी बॅग.”

“मंग बोलली काहून नाई?”

दीक्षा जरा वेळ मोबाइलच्या वायरला गाठी मारत राहिली.

“पुण्याच्या होस्टेलात देल्ली होती ना तू आधी एक वाकळ. मी सांगतलं होतं, एका पोरीले थंडी वाजून राहिली होती, तिले देल्ली.”

“हो. साऱ्या गल्लीले सांगतलं मी ते.”

“कोणाले देल्ली नाई. खोलीतल्या पोरीनं बाहेर फेकली. बाथरूमपाशी. म्हणे, वस्तीतल्या चिंध्या खोलीत नको.” तिने वायर खाली ठेवली. “त्याच दिवशी सकाळी आडनाव विचारलं होतं तिनं.”

स्वप्निलने काटा हळूच टेबलावर ठेवला.

पंचफुला पलंगाच्या कडेला टेकली.

“नाव काय तिचं?”

“आता काय करशीन नाव घेऊन?”

“मले माहीत असू दे.”

दीक्षाने सांगितलं नाही. पंचफुला उठली. बॅगेतून वाकळ काढून ती परत बसली आणि गुडघ्यावर घेऊन घडी घालू लागली. एकदा, मग आणखी लहान.

“नको नेऊ,” ती म्हणाली. “परक्या मुलखात पोरींसंगं राहा लागते. तुले ताप नको.”

“काहून नको?”

दीक्षाचा आवाज एवढा चढला की स्वप्निलही दचकला. तिने आईच्या हातातून वाकळ ओढून घेतली. नवं ब्लँकेट बॅगेतून उपसून भावाच्या अंगावर फेकलं, वाकळ अगदी वर अंथरली आणि झाकण दाबलं. वाकळ फुगली होती, चेन अर्ध्यावरच अडकली.

पंचफुलाने पदर खोचला आणि बॅगेवर गुडघा रोवला.

“वोढ,” ती म्हणाली.