दीड किलोमीटर रिव्हर्स

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी थांबली. पुढे रस्ताच नव्हता. दरड कोसळून बरेच महिने झाले असावेत. तिच्यावर गवत उगवून वाळलंही होतं.

"फाट्यावरच्या पाटीने उजवीकडे दाखवलं होतं," बायको म्हणाली. स्टिअरिंग तिच्या हातात होतं.

"पाटी काय, कालची. या रस्त्यावर मी एकतीस वर्षं बस चालवलीय," शेजारच्या सीटवरून नवरा म्हणाला.

"मग तुमच्या पाठोपाठ रस्ताही रिटायर झाला."

पानगळीत उत्तरेकडची गावं आणि पलीकडचं जंगल दाखवीन, असं नवरा लग्नापासून म्हणत होता. स्वतः रोज जायचा, तिला कधी नेलं नाही. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणंच बंद केलं. तेव्हा बायकोने अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं. मुलीला हे मान्य नव्हतं. तिने गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. निघताना ठरलं, वाटेत कुणाला मदतीला बोलवावं लागलं किंवा गाडीला ओरखडा आला, तर परत आल्यावर गाडी विकायची. बायको "चालेल" म्हणाली.

चार दिवस नवऱ्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. वळण आलं की "हॉर्न", चढ आला की "सेकंड टाक". दुसऱ्या गावात लाकडाच्या वखारीमागे तळं लागलं. पाण्यावर पिवळ्या पानांचा थर होता. ती काठावर तासभर बसली. तेवढा वेळ तो घड्याळ बघत गाडीभोवती फिरला.

आता घड्याळ बघायचं कारण खरं होतं. जंगलाकडे जाणाऱ्या खिंडीचं फाटक त्या दिवशी चार वाजता हिवाळ्यापुरतं बंद होणार होतं. फाटा दीड किलोमीटर मागे, तिथून खिंड तासाभरावर. रस्त्याच्या एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. गाडी वळवायला जागा नव्हती.

नवऱ्याने फोन काढला. "पोरीला कळवतो. कुणालातरी पाठवेल."

"ठेवा तो फोन."

"अगं, दीड किलोमीटर रिव्हर्स! कंडक्टरच्या शिटीशिवाय मी एक फूट मागे घेतली नाही कधी."

"तुम्ही बस चालवत होता. मी काय चालवत होते?"

बायकोने बावीस वर्षं फळांच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवली होती. पुढे खोक्यांची थप्पी असली की समोरचं दिसत नाही, म्हणून दिवसातला अर्धा वेळ गाडी उलटीच न्यायची. नवरा त्या यंत्राला 'खेळणं' म्हणायचा.

तरी तो उतरला आणि डिकीवर थाप मारू लागला. "येऊ दे... येऊ दे..."

"अहो, आत बसा! आरशात नुसते तुम्हीच दिसताय. मला दरी बघायचीय."

तो आत बसला. तिने मान मागे वळवली, एक हात त्याच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि गाडी सोडली. वेग एकसारखा, ब्रेक जवळजवळ नाहीच. तिसऱ्या वळणावर मागून खर्र असा आवाज आला. दोघांनी ऐकला. तिने गाडी थांबवली नाही.

अठ्ठावीस मिनिटांनी गाडी फाट्यावर आली. तिने पहिला गिअर टाकला. नवऱ्याने डॅशबोर्डवर दोनदा टिचकी मारली.

"टण टण," तो म्हणाला. बसमध्ये ही खूण कंडक्टर देतो आणि ड्रायव्हर पाळतो.

तीन वाजून एक्कावन्न मिनिटांनी ते फाटकापाशी पोचले. पहारेकऱ्याने नवऱ्यापुढे हात केला. "लायसन्स, साहेब. यंदाची शेवटची गाडी तुमचीच."

"तिकडे मागा," नवरा म्हणाला. "मी पॅसेंजर."

संध्याकाळी सहा वाजता मुलीच्या फोनवर दोन फोटो आले. पहिल्यात बाबा सीटवर झोपले होते, तोंड उघडं, दोन्ही पाय वर घेतलेले. दुसऱ्यात पिवळ्याधमक झाडांखाली गाडी. खाली आईचा निरोप होता: "मागचा रस्ता बंद झाला. आता पुढेच जातो. गिऱ्हाइकाला सांग, दुसरी गाडी बघ."

मुलीने दुसरा फोटो मोठा करून पाहिला. गाडीचा मागचा कोपरा चिखलाने माखला होता.

"आई, तो नुसता चिखलच आहे ना?" तिने विचारलं.

निरोप वाचल्याची खूण सहा वाजून चार मिनिटांनी आली. उत्तर अजून आलेलं नाही.