कॅरिनच्या यूटच्या पोटात

लेन प्रुएट माझ्या गॅरेजात आला तो कपाळाला आठ्या घालूनच. पोरीने ओढून आणला म्हणून आला, एरवी या रस्त्याला फिरकला नसता. जिलाँगच्या इंजिन कारखान्यात त्याची हयात गेली. पिस्टन आणि त्यांना खालून धरणारे कनेक्टिंग रॉड इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवायचे आणि बोल्ट आवळायचे, हे त्याचं काम. कारखान्याला टाळं लागलं आणि माणसाने इंजिन हा विषयच सोडला. कुणी काढलाच तर म्हणायचा, आम्ही काय, बोल्ट पिळणारी माकडं. चांगलं बनवत असतो तर कारखाना बंद कशाला पडला असता? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे अर्धा गाव त्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर जीव टाकतो आणि ज्याने ते जोडलं तोच त्याला नावं ठेवतो.

कॅरिन त्याची मुलगी. बांधकामांवर टाइल्स बसवते. तिने मुद्दाम फाल्कनची टर्बो यूट घेतली, पुढून सेडान आणि मागे सामानाचा हौदा. इंजिन बापाच्याच कारखान्यातलं, तो कामावर होता त्याच वर्षांतलं. शर्यत-बिर्यत तिला काही नको होती. आपण जन्मभर केलं ते फुकट गेलं नाही, हे बापाला एकदा पटावं, एवढंच तिला हवं होतं.

यूट विकणाऱ्याने तिला सांगितलं होतं की आतलं सगळं बदललंय, रॉड-पिस्टन रेसिंगचे, जास्त ताकद सोसणारे आहेत. मी वरचं झाकण काढून पाहिलं तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा खरंच नव्या. पुढे ऑइल पंपाचे गिअरही बदललेले. मग खालचंही खरंच असणार, असं मी धरून चाललो. आमच्या धंद्यात सगळेच असं धरून चालतात, कारण रॉड काही वरून दिसत नाहीत आणि नुसतं बघायला म्हणून इंजिन कोण उघडतो? त्या भरवशावर मी इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो चढवला, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर घातले आणि हवेचं प्रेशर कारखान्याने दिलं होतं त्याच्या तिपटीवर नेलं.

लेन आला त्या शनिवारी सकाळी यूट रोलरवर घेतली. मागची चाकं रोलरवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जमिनीला जखडायची आणि पेडल दाबायचं. गाडी जागची हलत नाही, चाकांपर्यंत पोचलेली ताकद मात्र पडद्यावर दिसते. त्याआधी गॅरेजात जमलेल्या प्रत्येकाने आपला अंदाज बोलायचा, जवळ येईल त्याला बिअरचं खोकं, अशी आमची पद्धत आहे. कुणी चारशे किलोवॅट म्हणालं, कुणी चारशे वीस. लेनला विचारलं तर हातातला सॉसेज-पाव न खाली ठेवता तो म्हणाला, "फुटेल." गाडी पट्ट्यांत असताना हा शब्द आमच्याकडे कुणी काढत नाही. कॅरिनचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात म्हाताऱ्याला दोन शिव्या हासडल्या आणि आत बसलो.

खरं सांगतो, इतकी इंजिनं पळवली पण त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला. आधी साधी घरघर, मग टर्बोची शीळ, आणि मग असा काही आवाज की पत्र्याचं छप्पर थरथरायला लागलं. पट्ट्या ताणल्या गेल्या. पडद्यावरची रेघ चढतच राहिली, कुठे अडखळली नाही. चारशे एकसष्ट. कारखान्यातून निघताना इंजिनावर दोनशे सत्तर मोजलेलं हे धूड आता नुसत्या चाकांवर चारशे एकसष्ट देत होतं. सगळे पडद्याकडे वाकले. लेनसुद्धा चावायचा थांबला होता. पण लगेच म्हणाला, "रेसिंगचे रॉड घातल्यावर कुणीही पळेल. त्यात आमचं काय?"

कॅरिन पट्ट्या सोडायला वळली. तेवढ्यात मला यूटखाली तेलाचे थेंब दिसले. इंजिनाच्या तळाला तेल साठतं त्या चेंबरचं गॅस्केट गेलं होतं. इंजिन निवू दिलं, गाडी लिफ्टवर चढवली, खालची आडवी चौकट सोडवली आणि दुपारी चेंबर उतरवला. बॅटरी मारून वर पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रेसिंगचे रॉड कुठले? सगळे कंपनीचेच, कधी न उघडलेले. विकणाऱ्याने सरळ थाप मारली होती, आणि मला आधी कळलं असतं तर इतकं प्रेशर द्यायची माझी छातीच झाली नसती.

मी लेनला हाक मारली. तो कुरकुरतच लिफ्टखाली आला. मी बॅटरी त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ मान वर करून बघत राहिला. मग हात वर घालून एकेका बोल्टावरून बोट फिरवलं. कोपरापर्यंत तेल ओघळलं तरी त्याला भान नव्हतं.

"यांच्यावर चारशे एकसष्ट?" त्याने हळूच विचारलं.

"यांच्यावरच," मी म्हणालो.

"त्या जागेवर आम्ही दोघं होतो. एक तर मी आवळले असतील, नाहीतर बार्टने."

कॅरिन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. पुढचं मला सांगणं भाग होतं: एवढी ताकद कायम ठेवायची तर आता खरोखरचे जाड रॉड घालायला हवेत, नाहीतर कधीतरी एखादा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"डॅड, तू सांग. बदलू?"

माझी खात्री होती, आता हा नको म्हणणार. लेनने डोळे पुसले, तेल गालाला लागलं.

"बदल, पोरी. त्यांनी झेपेल त्याच्या पलीकडे ओढलंय. त्यांना आता सुट्टी दे." मग तो माझ्याकडे वळला. "पण भंगारात टाकू नकोस, डॉम. मला घरी न्यायचेत. सहाही."