भिंत आधी माझ्यावर आखली

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो. कापड बेतायचे टेबल. जेवणाच्या किंवा अभ्यासाच्या टेबलांसारखा माझा थाट नाही. मी लांबलचक, जाडजूड आणि कमरेइतके उंच आहे, कारण शिंप्याला वाकून काम केले की पाठ धरते. माझ्या एका कडेला पितळी मोजपट्टी ठोकलेली आहे. तिचे अर्धे आकडे पुसले गेले आहेत, पण ज्यांना माझी सवय आहे त्यांचे त्यावाचून काही अडत नाही.

मला एका सुताराने मास्तरांच्या दुकानातच घडवले. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. सुतार कामात हुशार, पण घाईचा. रंधा मारून, पाय बसवून, पॉलिश करून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की मी दारातून बाहेर निघू शकत नाही. त्याने डोक्याला हात लावला. मास्तर मात्र खूश झाले. म्हणाले, आता हे पळून जाण्याची भीती नाही.

पुढची कितीतरी वर्षे मी भरपूर काम केले. शाळांचे गणवेश, डॉक्टरांचे कोट, बँडवाल्यांच्या लाल पँटी, सगळे माझ्यावर बेतले गेले. कात्रीची थंड पाती माझ्या अंगावरून सरसर जायची आणि मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, "कापड सरळ कापलं जातं ते माझ्या हातामुळे नाही, या टेबलामुळे." हे ऐकून मला जो आनंद व्हायचा, तो लाकडाला होतो यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

मास्तर गेले आणि दुकान त्यांच्या मुलीकडे आले. तिला सगळी गल्ली ताई म्हणते. ताईचा हात बापासारखाच सफाईचा. पण तोवर दिवस बदलले होते. लोक तयार कपडे घेऊ लागले. मोठा रस्ता गल्लीबाहेरून वळवला गेला आणि आमच्याकडे येणारी पावले आटली. त्यात आमच्यासमोर ती भिंत.

ती एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याची मागची भिंत होती. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणीतरी तिच्या पायाशी कचऱ्याची पिशवी ठेवली, मग दुसरी आली, आणि मग तो उकिरडाच झाला. पुरुष तिथे आडोशाला उभे राहू लागले. दिवे फुटले ते फुटलेच राहिले. बायका-मुली दुसरीकडून वळसा घालून जाऊ लागल्या.

माझी अवस्थाही काही वेगळी नव्हती. बंद पडलेला पंखा, चिंध्यांची गाठोडी, न नेलेले कपडे, सगळे माझ्यावर साठत गेले. मी टेबल होते ते माळा झाले. एकदा जुन्या सामानाचा व्यापारी आला, त्याने मला बोटांनी ठोकून पाहिले आणि म्हणाला की लाकूड चांगले आहे, पाय कापून बाहेर काढू. ताईने विचार करून सांगते म्हटले. त्या "विचार करून" या शब्दांनी माझे चारही पाय थरथरले.

त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा निरोप आला. त्यांचे ब्लाउज तयार होते, पण न्यायला त्या येणार नव्हत्या. ताईबद्दल काही तक्रार नाही, त्यांनी कळवले होते, पण कामावरून सुटेपर्यंत अंधारून येते आणि त्या भिंतीवरून यायला नको वाटते.

ताई बराच वेळ माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे पाहत राहिली. मग पदर खोचला आणि माझ्यावरचे सगळे सामान उतरवायला घेतले. गाठोडी गेली, पंखा गेला. तिने मला ओल्या फडक्याने पुसले, मग कोरड्या. दुसऱ्या दिवशी तिने गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांना बोलावले. ती एवढेच म्हणाली, की भिंत आपण रंगवायची. नुसता चुना मारून नाही, चित्र काढून. जिथे चित्र असते तिथे माणूस थांबतो, आणि जिथे माणसे थांबतात तिथे घाण करायला लाज वाटते.

मित्रांनो, त्या पहिल्या बैठकीची मजा काय सांगू! एवढी कोपरे माझ्यावर एकदम कधीच टेकली नव्हती. औषधवाल्याला भिंतीवर मोठी बाटली हवी होती. केशकर्तनालयवाल्याला कात्री. लॉन्ड्रीवाला म्हणाला की आकाश पांढरेच ठेवा, माझी जाहिरात आपोआप होईल. चित्र काढायला दोन माणसे तयार होती, पण त्यांचे एकमेकांशी जमेना. एक शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. त्यांनी उडणारी मुलगी, पाखरे आणि मोठमोठी फुले काढून आणली होती. दुसरे पेंटरकाका. गल्लीतली प्रत्येक पाटी एकेकाळी त्यांच्या ब्रशने लिहिलेली. छापील बोर्ड आल्यापासून त्यांचे काम बसले होते आणि स्वभाव थोडा कडू झाला होता. बाईंचे चित्र त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण हे कुठल्याही भिंतीवर चालेल. आपल्या भिंतीवरच का, ते यातून कळत नाही."

बाईंना ते लागले. तरी ताईने ते वाक्य उचलून धरले, आणि खरे सांगायचे तर थोड्या वेळाने बाईंनीही.

पण खरी अडचण वेगळीच होती. ती माझ्या दोन टोकांना बसली होती. या टोकाला थोरले, त्या टोकाला धाकटे. दोघे सख्खे भाऊ. वडिलांचे किराणा दुकान होते. ते गेल्यावर वाटण्या झाल्या आणि बोलणे बंद झाले. थोरल्यांनी वडिलांच्या जागेत हार्डवेअर टाकले, धाकट्यांनी भिंतीसमोर बेकरी, जिचे अंगण थेट भिंतीला भिडलेले. बोलायची वेळ आलीच तर दोघेही ताईकडे बघून बोलायचे. "त्यांना सांग, खिडकी लावून घ्या." "त्यांना म्हणावं, उकडतंय." दोघांच्या मध्ये मी, म्हणजे हाताच्या अंतरावर भाऊ आणि निरोप्या ताई.

रंग, दोर, ब्रश थोरल्यांच्या दुकानातून मिळणार होते. परांची बांधायची तर ती धाकट्यांच्या अंगणातच उभी राहू शकत होती. म्हणजे एकाला सोडून काम होणारे नव्हते. आणि भिंतीच्या मधोमध त्यांच्या वडिलांच्या दुकानाची जुनी जाहिरात होती. पेंटरकाकांनीच तरुणपणी रंगवलेली. विटून गेली होती, तरी वडिलांच्या मिशा आणि खाली "आणि मुलगे" ही अक्षरे अजून दिसायची.

थोरले म्हणाले की ती जाहिरात पुसायची नाही. वडिलांच्या तोंडाला चुना फासायला आपण रंग देणार नाही.

धाकटे पहिल्यांदाच मान वर करून बोलले. "ताई, ज्या दुकानात मी मुलगा राहिलो नाही, त्याची पाटी रोज माझ्या दारासमोर कशाला? ती राहणार असेल तर माझ्या अंगणात एक बांबूही उभा राहणार नाही."

खुर्च्या सरकल्या. एकेक जण उठून गेला. ताईने भिंत रंगवायची परवानगी मागितली तेव्हा कारखान्याच्या मालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंतच थांबायचे कबूल केले होते. नाहीतर एक जाहिरात कंपनी भिंतीवर मोठा फलक लावायला टपलेलीच होती. माझ्यावर राहिले होते चहाचे कप आणि बाईंचे गुंडाळलेले चित्र.

दुसऱ्या दिवशी तो जुन्या सामानाचा व्यापारी करवत घेऊनच आला. मी मनात म्हटले, संपले.

"टेबल विकायचं नाही," ताई म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत लागणार आहे."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरही लागेल."

तो गेला. ताईच्या आवाजात राग नव्हता. कापड एकदा कापायला घेतले की मध्ये थांबता येत नाही, तसा तो आवाज होता.

तिने भावांची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. तिने थोरल्यांना पँट सैल करायची राहिली आहे म्हणून बोलावले. माप घेताना माणसाला हलता येत नाही आणि उगीच वाद घालावासाही वाटत नाही, हे मी फार जवळून पाहिले आहे. कमरेभोवती टेप धरून ताईने सहज विचारले, की तुमचे वडील सकाळी दुकान कसे उघडायचे?  थोरले सांगू लागले. फळ्या काढायच्या आधी ते रस्त्यावर पाणी शिंपडायचे आणि झाडू घ्यायचे. आपल्या दारापुढचे झाडून झाले तरी थांबायचे नाहीत. शेजारच्या उंबऱ्यापर्यंत झाडत जायचे. शेजारी संकोचायचा, तर म्हणायचे, हात चालू आहे तोवर होऊन जाऊ दे.

दोन दिवसांनी धाकटे आले, बेकरीतल्या माणसांच्या एप्रनचे बघायला. ताईने त्यांनाही तेच विचारले. त्यांनीही तोच झाडू सांगितला, तेच पाणी, तोच शेजारचा उंबरा. वर म्हणाले, "झाडू डाव्या हातात धरायचे. मी त्यांच्यामागे बादली घेऊन असायचो."

ताईने एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगितले नाही. तिने बाईंना आणि पेंटरकाकांना बोलावले. मग तिघे मिळून माझ्यावर लांब कागद पसरून बसले. आता पाखरे नव्हती, उडणारी मुलगी नव्हती. बाईंनी आमची गल्ली काढली, सकाळची, पुष्कळ वर्षांपूर्वीची. कोणी सायकलची चेन बसवतो आहे, कोणी इस्त्रीत निखारे भरतो आहे, मास्तर दारात उभे राहून सुईत दोरा ओवत आहेत. प्रत्येक दुकानावर पाटी होती, आणि पाट्यांची अक्षरे पेंटरकाका काढणार होते. त्यामुळे औषधवाल्याची बाटलीही आली आणि कात्रीही आली, पण आपापल्या दारावर, आपापल्या मापाची. पेंटरकाकांचा कडूपणा त्या कागदावर कुठे गेला, मला समजलेच नाही. बाईंना ते सांगत होते की अक्षराला पोट असते आणि त्या ऐकत होत्या; बाई त्यांना माणसाच्या खांद्याची ठेवण दाखवत होत्या आणि तेही ऐकत होते.

चित्राच्या मधोमध एक माणूस डाव्या हातात झाडू धरून, आपला उंबरा ओलांडून, शेजाऱ्याचे अंगण झाडत होता.

दुसऱ्या बैठकीला दोघे भाऊ आले ते ताईच्या आग्रहाखातर. आपापल्या टोकाला बसायला निघाले, पण तो माणूस कागदाच्या मध्यावर होता. बघायला दोघांनाही मध्ये यावे लागले. दोघे त्यावर वाकले.

मग थोरले म्हणाले, "टोपी नव्हती घालत ते."

"घालायचे," धाकटे म्हणाले. "थंडीत घालायचे."

"थंडीत घालायचे, हो."

मित्रांनो, ताईकडे न बघता ते एकमेकांशी बोलले होते. त्यांच्या ते लक्षात आले की नाही, ठाऊक नाही. बाकी सगळ्यांच्या आले. लॉन्ड्रीवाल्याने तर चहाचा कप तोंडाशी नेऊन तसाच धरून ठेवला.

झाडणाऱ्या माणसाच्या मागच्या दुकानावर पाटी कोरीच होती. पेंटरकाकांनी पेन्सिल हातात घेतली आणि हळूच विचारले, इथे काय लिहू?

 थोरले कागदाकडे पाहत राहिले. धाकटे कोऱ्या पाटीवर बोट ठेवून म्हणाले,

"तेव्हाची सकाळ आहे ना? मग तेव्हा होतं तेच लिहा."

पेंटरकाकांनी लिहिले. "आणि मुलगे" लिहिताना त्यांनी पेन्सिल जरा जास्तच दाबली. तो दाब कागदातून माझ्यापर्यंत आला.

संध्याकाळी थोरल्यांच्या दुकानातून रंगाचे डबे आले. धाकट्यांच्या अंगणात बांबू उभे राहिले. ताईने तिचे दातेरी चाक काढले, ज्याने शिंपी कापडावर शिवणीची रेघ उमटवतात, आणि प्रत्येक रेघेवरून ते फिरवले. कागदाला बारीक बारीक भोके पडली. बाई ते कागद भिंतीला लावून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थापटायच्या, की भिंतीवर ठिपक्यांचे चित्र उतरायचे. त्या चाकाचे दात कागदाच्या पार जाऊन माझ्यातही रुतले. दुखले, पण तक्रार नाही. सगळी गल्ली ठिपक्या-ठिपक्यांनी माझ्या अंगावर उमटलेली आहे.

चित्र महिनाअखेरच्या आत पूर्ण झाले. मी ते अख्खे पाहिलेले नाही, दारातून मला एक तुकडाच दिसतो. पण लोक येऊन ताईला सांगतात ते मी ऐकते. उकिरडा आता नाही. दिवे बसले. त्या जुन्या गिऱ्हाईक बाई आपले ब्लाउज न्यायला अंधार पडल्यावर आल्या, आणि चित्र पाहण्यात त्यांना उशीर झाला म्हणून ताईने दुकान उघडे ठेवले. गिऱ्हाइके एकदम वाढली असे मी म्हणणार नाही; थोडी वाढली. भाऊही काही एकत्र झालेले नाहीत. दुकाने दोन ती दोनच. मात्र सकाळी दोघांपैकी जो आधी येतो, तो दुसऱ्याच्या दारापर्यंत झाडतो, असे औषधवाला सांगत होता.

पेंटरकाकांकडे आता पाट्यांची कामे येतात. हाताने लिहिलेल्याच हव्यात म्हणतात लोक.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे मोठे टेबल असेल. त्यावर काय काय साठले आहे, जरा बघा. आम्ही ओझ्याला भीत नाही. ओझे पेलण्यासाठीच आमचा जन्म. पण ज्या टेबलावर फक्त सामान राहते, त्याच्याभोवती माणसे बसायची थांबतात. म्हणून एवढेच मागणे आहे. आम्हाला अधूनमधून रिकामे करा, पुसा, डगमगता पाय ठोकून घ्या. आणि ज्यांचे आपसांत पटत नाही, अशा दोघांना आमच्याभोवती बसवा. मध्ये एक कोरा कागद ठेवा. दोघांनाही वाकून बघावे लागेल, एवढा मोठा.